मुडदुशीची कॅसेट

प्रिय मायलीन,

तुझ्या आईच्या रेडिओवरच्या कार्यक्रमाच्या कॅसेट शाबूत आहेत. काल दुपारी विद्यापीठाच्या संग्रहातल्या मारिव्हिक पालमारेसनं फोन करून त्या घ्यायचं पक्कं केलं. अगदी जुन्यासुद्धा बहुतेक सगळ्या वाजतात. सोमवारी तिची गाडी येईल आणि माझ्या पुढच्या खोलीतली खोकी घेऊन जाईल. मग त्या एका थंड खोलीत राहतील, संगणकावर चढतील, आणि ज्यांना ऐकायच्या असतील त्यांना ऐकता येतील. एक कॅसेट मात्र मी काढून ठेवली आहे. ती जायची की नाही हे ठरवणं माझ्या हातात नाही, मारिव्हिकच्याही नाही. तिच्याबद्दल पुढे लिहिते. आधी बाकीचं सांगते, कारण तू इथे नव्हतीस आणि तुला कुणी नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

तुझी आई, आमची पुरिंग, सकाळी बाजारातून आली, मासे धुवायला बसली आणि बसल्या जागी कलंडली. शेजारच्या विल्मानं पातेलं पडल्याचा आवाज ऐकला. इस्पितळात ती फार दिवस राहिली नाही, आणि जितकी राहिली तितकं बोलली नाही. जी बाई बारा वर्षं दर शनिवारी सगळ्या इलोइलोशी बोलत होती, ती शेवटी डोळ्यांनी फक्त पंख्याकडे बघत होती. मला वाटलं मी रडेन. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. उशिरा आलेली बातमी रेडिओवर घाईनं बसवावी तसं मी एकेक काम उरकलं: फादरना सांगणं, शवपेटी, कॉफी, बिस्किटं, रात्र जागवणाऱ्यांच्या पत्त्यांच्या टेबलांसाठी खुर्च्या. तुझ्या नावाचं फुलांचं चक्र आलं, ते मी डोक्याशी उभं केलं. लोक विचारत होते, लेक नाही आली का. मी म्हटलं, हाँगकाँगच्या मालकिणीनं रजा दिली नाही. खरं असेल किंवा नसेल, पण सगळ्यांना ते पटलं. तुझा नवरा नेल्सनही आला होता. आता जाडा झालाय, जहाजावरून कायमचा उतरलाय, ओतोनला दुसरी बायको आणि किराणा दुकान आहे. तासभर पत्ते खेळला, जिंकला, रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यातलं थोडं पेटीपाशी ठेवून गेला. त्याला कॉफी मीच दिली. वर बिस्किटंही.

कॅसेट कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईच्या पलंगाखाली बिस्किटांचे मोठे चौकोनी डबे होते, आठवतात? लहानपणी तू त्यांवर बसून भात खायचीस. कार्यक्रम बंद झाला, स्टेशन विकलं गेलं, तेव्हा नव्या मालकानं सगळं भंगारात काढलं. आपले तंत्रज्ञ नोंग किरिको यांनी बायकांच्या कार्यक्रमाच्या कॅसेट तेवढ्या पोत्यात घालून ट्रायसिकलनं तिच्याकडे आणल्या. ओल लागू नये म्हणून पुरिंगनं प्रत्येक डब्याच्या तळाशी कच्चे तांदूळ पसरले आणि दर पावसाळ्याआधी ते बदलत राहिली. नऊ दिवसांची प्रार्थना संपल्यावर मी डबे उघडले, तर तांदळात किडे होते आणि कॅसेट कोरड्या होत्या.

पण विद्यापीठात पहिल्या फेरीला गेलेल्या डब्यांमध्ये एक घोटाळा झाला, आणि तो इथेच होऊ शकतो. तुला माहीत नसेल, स्टेशन आम्हाला, म्हणजे बोलणारी पुरिंग, बातम्या आणणारी मी आणि नोंग किरिको यांना, नव्या कॅसेट द्यायचं नाही. बॉक्सिंगच्या सामन्यांना द्यायचं, राजकारण्यांच्या मुलाखतींना द्यायचं. आमचं म्हणणं, ऊसमळ्यावर खुरपणी करणाऱ्या बाईचं गर्भारपण कसं जातं, परदेशी पाठवणारे दलाल मुलींचे पासपोर्ट का ठेवून घेतात, कोर्टात वकील बाईला काय काय विचारतो, हे सगळं एकदा वाजलं की पुसून टाकायच्या लायकीचं, असा त्यांचा हिशेब. त्या काळी चर्च उपवासाच्या महिन्यात थोरल्या फादरच्या, मोन्सिन्योरच्या, प्रवचनांच्या कॅसेट फुकट वाटायचं. घराघरात पडलेल्या असायच्या. नोंग किरिको त्या गोळा करायचे. कॅसेटच्या वरच्या कडेची जिभली मोडलेली असते, म्हणजे तीवर पुन्हा काही भरता येत नाही. तिथे ते चिकटपट्टी लावायचे आणि मोन्सिन्योरवर आम्हाला भरायचे. सुरुवातीची दोनतीन मिनिटं प्रवचन तसंच ठेवायचे आणि वरची चिठ्ठीही तशीच. कुणी उचलून बघितलीच तर "शुक्रवारचे प्रवचन" वाचून परत ठेवावी म्हणून. ही युक्ती इतकी चांगली होती की तीस वर्षांनी मारिव्हिकच्या विद्यार्थिनीही फसल्या. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, एकदोन कॅसेटची सुरुवात ऐकली, आणि ही चर्चची मालमत्ता चुकून आली असं समजून दोन डबे आपल्या चर्चला नेऊन दिले. मोठ्या प्रामाणिकपणे पोचपावतीही घेतली.

चर्चच्या कार्यालयातल्या नांग तोयांगला तू ओळखतेस. मोन्सिन्योर गेल्यापासून त्यांचं नाव काढलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तिनं त्याच बुधवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेला लोक जमायच्या वेळी, एक कॅसेट मनोऱ्यावरच्या कर्ण्याला जोडली. मी चौकात केळ्याची भजी घेत होते. मोन्सिन्योर सांगत होते की, ज्याप्रमाणे चर्च ख्रिस्ताच्या अधीन असते त्याप्रमाणे स्त्रीने, आणि तिथे एक खट्ट आवाज झाला. मग पुरिंग बोलली. स्पष्ट, जरा नाकातून, मागे तो आमचा डबडा पंखा. म्हणाली, "बायांनो, आज ला पाझच्या बाजारात बांगडा स्वस्त आहे आणि नवरे महाग. बांगडा घ्या." मायलीन, चौक उभाच राहिला. ट्रायसिकलवाल्यांनी इंजिनं बंद केली. भजीवाली झारा हातात धरून वर बघत राहिली. पुरिंगला मातीत जाऊन अजून पंधरवडा झाला नव्हता. मग कुणीतरी म्हातारी हसली, दुसरी हसली, आणि पुरिंग मनोऱ्यावरून वेठीला धरल्यासारखं सगळ्यांना दलालांच्या युक्त्या सांगत राहिली. नांग तोयांग आतून धावत जाऊन बंद करेपर्यंत नव्या तरुण फादरनं निम्मं ऐकलं होतं. त्यानं मला दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे स्वतः आणून दिले आणि विचारलं, हे पुढे काय होतं, त्या मुलीचा पासपोर्ट मिळाला का. मिळाला होता. ती बातमी माझीच होती.

या घोटाळ्यानंतर मारिव्हिकनं सगळ्या कॅसेट परत माझ्याकडे पाठवल्या. म्हणाली, चिठ्ठ्यांवर भरवसा नाही, तुम्हीच ऐका आणि कशात काय आहे, कुणाचा आवाज आहे ते सांगा. म्हणून गेले कित्येक दिवस मी जेवणाच्या टेबलापाशी बसून आम्हा तिघांना ऐकते आहे. माझा आवाज मला आवडत नाही. सारखी घाईत असल्यासारखी बोलायचे. पुरिंगला घाई नव्हती. फोन करणाऱ्या बाईला ती नाव विचारायची नाही. त्या सकाळी बाजारात जे मासे बघितले असतील त्यांतलं एक नाव देऊन टाकायची. तारलीताई, बोला. हलवाताई, रडून घ्या, मग बोला. मी एकदा म्हटलं, फुलांची नावं देऊ या, जरा बरं दिसेल. ती म्हणाली, "फुलं संध्याकाळी सुकतात गं. मासा खारवला तर वर्षभर टिकतो."

आमच्या खोलीत काचेच्या बाजूला तिनं स्वतःच्या हातानं दोन नियम लिहून लावले होते. पहिला, आवाज ओळखला तरी ओळखायचा नाही. इलोइलो ते केवढं; दर तिसरा आवाज कुणाच्या तरी मावशीचा. सुरुवातीच्या वर्षी एका बाईला आमच्या कार्यक्रमातल्याच एका पाहुणीनं बाजारात गाठून विचारलं, काल फोनवर तूच ना, आणि ते तिच्या दिरानं ऐकलं. त्यानंतर हा नियम आला. खोलीत नाही, खोलीबाहेर नाही, तिच्यासमोरही नाही. ती स्वतःहून बोलली तरच आपल्याला माहीत. दुसरा नियम, कुणालाही आईकडे जा असं सांगायचं नाही. कारण आया लेकींना परत पाठवतात, हे आम्ही दर शनिवारी ऐकत होतो. पोलीस ठाण्यातल्या कोणत्या बाईला भेटायचं, कोणत्या सिस्टरांच्या आश्रमाचं दार उघडतं, हे सांगायचं. आई नाही. मला हे दोन्ही नियम चांगले वाटायचे. अजूनही ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही.

आता ती कॅसेट. वर "पाम संडेचे प्रवचन" लिहिलंय. तो शनिवार मला आठवत नाही, कारण मी इलोइलोत नव्हते. साखर कारखान्याचा संप चालू होता आणि मी बोटीनं नेग्रोसला गेले होते. त्यामुळे ती मी पहिल्यांदाच ऐकली. फोन येतो, एक मुलगी हॅलो म्हणते, तेवढंच. लगेच पुरिंग म्हणते, "बोल, मुडदुशी." इतर सगळ्यांना ती अहोजाहो करायची. आणि मायलीन, त्याच कॅसेटवर सुरुवातीला तिनं त्या दिवशीचा बाजारभाव वाचलाय, त्यात मुडदुशी नाहीच. वादळ होतं, मुडदुशी आलीच नव्हती. तू लहानपणी दुसऱ्या कुठल्या माशाला हात लावायची नाहीस, हे मला आणि तिला सोडून कुणाला माहीत असणार.

तू काय सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही. ते तुझं आहे. तिनं काय विचारलं तेवढं लिहिते. तिनं विचारलं, आत्ता तो घरात आहे का. तू म्हणालीस, कोंबड्यांच्या झुंजीला गेलाय. ती म्हणाली, मग आजच निघ, कागदपत्रं आधी घे, कपडे नंतर. पोलीस ठाण्यातल्या बाईंचं नाव दिलं, सिस्टरांचा पत्ता दिला, दोनदा सांगितला, लिहून घेतलंस का विचारलं. सगळ्यांशी बोलायची त्याच आवाजात. मग तू म्हणालीस, "आणि आईकडे गेले तर?" इथे कॅसेटवर इतका वेळ काही नाही की मला वाटलं फीत अडकली. पंख्याचा आवाज येत राहतो म्हणून कळतं. मग ती म्हणाली, "दाराला कडी नसते. सांगून यायची गरज नाही." तू फोन ठेवलास.

नोंग किरिको रेडिओवर जाणारा आवाज वेगळा आणि खोलीतला वेगळा भरायचे नाहीत. खोलीतलाच माइक सरळ कॅसेटला जोडलेला असायचा. त्यामुळे बाहेर गाणं वाजत असताना आत कोण काय बोललं तेही फितीवर आहे. खुर्ची सरकते. पुरिंग म्हणते, "किरिको, आणखी एक गाणं लाव." नोंग म्हणतात, मानांग, एक लावलंय. ती म्हणते, "आणखी एक." मग, कुणाला उद्देशून ते कळत नाही, ती म्हणते, "जेवलीस का, तेवढंही विचारलं नाही मी." त्यानंतर दुसरं गाणं संपतं, आणि तुझी आई गिमारासच्या बोटींच्या वेळा वाचून दाखवते. एकही वेळ चुकलेली नाही.

मी नोंग किरिकोंकडे गेले. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गेलाय, दाराशी बसून ते रेडिओ ऐकत असतात. मी विचारलं, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच वेडी. म्हणाले, "मॅम, पोरीला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय. मला नाही कळणार?" मग बोलला का नाहीत, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "काचेवर लिहिलं होतं ना." पुढे म्हणाले की त्या दिवशी पुरिंग कार्यक्रम संपल्यावर नेहमीसारखी चहाला थांबली नाही, धावत घरी गेली. घरी कुणी नव्हतं. सोमवारी कामावर आली, त्यांनी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

आता मला जे जुळतंय ते लिहिते. ते चुकीचं असेल तर तू सांग. तू परदेशी निघालीस तेव्हा तुला विमानतळावर सोडायला मी आले होते. तुझी आई घरी स्वयंपाक करत बसली होती आणि तू तिला सांगून निघाली नव्हतीस. रांगेत उभं असताना तू म्हणालीस, "निनांग, आईला साऱ्या बेटातल्या बायकांचे आवाज ओळखता येतात. फक्त एक सोडून." मला वाटलं तू नेहमीसारखी चिडून बोलतेयस, आई सगळ्या जगाची आणि माझी नाही, हे तू शाळेत असल्यापासून म्हणायचीस. मी तुला धर्ममाता म्हणून दोन शब्द सुनावलेही असतील. इकडे तुझी आई. मी तिला विचारायचे, मायलीनचं पत्र आलं का. ती म्हणायची, "येईल. बाई स्वतःहून बोलायला लागते तेव्हाच बोलते." मला ते शहाणपण वाटायचं. ती वाट बघत होती तू बोलण्याची, कारण तिनं आधी तोंड उघडलं असतं तर फोन करणाऱ्या प्रत्येकीला दिलेला शब्द मोडला असता. आणि तू वाट बघत होतीस की निदान आईनं तरी ओळखावं; मुडदुशी हे तुला त्या दिवसाच्या बाजारातलंच एक नाव वाटलं असणार. दोघींपैकी कुणी खोटं वागलं नाही. तशीच वर्षं गेली.

कडीचं सांगते. तिच्या दाराला खरोखरच कडी नव्हती. होती, ती तिनं काढून टाकली. कधी काढली हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिला किती बोलले असेन. एकदा चोर शिरला आणि पंखा घेऊन गेला. तिनं नवा पंखा आणला आणि दार तसंच. विल्मा म्हणायची, मानांग, म्हातारपणी शूर झाल्यात. पुरिंग म्हणायची, "माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे, मोन्सिन्योरची प्रवचनं?" आणि आम्ही हसायचो. परवा घर आवरताना मी चौकटीवर हात फिरवला. स्क्रूची भोकं रंगानं बुजलेली आहेत. घर तिनं तू गेल्यानंतरच्या नाताळात रंगवलं होतं.

तर मायलीन, हे पत्र मी त्या कॅसेटसाठी लिहिते आहे. विद्यापीठाचा नियम असा की फोन करणारी बाई सापडली तर तिची संमती घ्यायची, आणि सापडली नाही तर कॅसेट कुलपात ठेवायची, बऱ्याच वर्षांनी उघडायची. मारिव्हिकनं विचारलं, या आवाजाला ओळखता का. मी नाही म्हटलं. पुरिंगचा नियम तिच्यासमोर मी पाळला. तुझ्यासमोर मोडते आहे, कारण तो लिहिणारी आता नाही आणि पाळायला आपण दोघीच उरलो आहोत. ती कॅसेट संग्रहात जावी असं तुला वाटलं तर जाईल, मुडदुशी म्हणूनच जाईल. पुसावी असं वाटलं तर चिकटपट्टी अजून चिकटलेली आहे, मी पुसेन आणि कुणाला सांगणार नाही. तुला हवी असेल तर तुला पाठवीन. मी तिची प्रत करू दिलेली नाही. तिच्यावर तुझी आई तुला ओळखते आहे, एवढाच पुरावा आहे, आणि तो एकच आहे.

विल्माची मुलगी गुरुवारी हाँगकाँगला निघते आहे, तिच्या हाती हे देते. रविवार तुमच्या सुट्टीचा, तेव्हा ती तुला नेहमीच्या बागेत शोधून काढेल. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे. फादरनं मनोऱ्यावरचा कर्णा त्या दिवशी देऊ केलाय, काय वाजवायचं ते मी ठरवलेलं नाही. सोमवारी मारिव्हिकची गाडी येईल. आठला येते म्हणालीय, म्हणजे दहाला. बाकीची खोकी जातील, ही एक टेबलावर राहील. त्यानंतर मी दिवसभर घरीच आहे आणि फोन जवळ असेल. नाव सांगू नकोस. हॅलो म्हण, मी ओळखीन, आणि ओळखलं असं म्हणेन. मग जेवलीस का ते विचारीन.

तुझीच,
निनांग डेल्फा